चेहरे आले, नावं राहिली

थोरलीचा नुसता जळफळाट चालला होता. घरोघर फिरून जुने फोटो गोळा केले तिने, म्हाताऱ्यांच्या मिनतवाऱ्या करून एकेका चेहऱ्याला नाव दिलं तिने, वस्तीचा डिजिटल संग्रह उभा करता करता केस पांढरे केले तिने. आणि कौतुक कुणाचं? परवा मदतीला आलेल्या धाकट्या जावेचं! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

आज परीक्षा होती. संग्रहाला जागा देणाऱ्या वाचनालयाची अटच होती: एकाच बाईच्या डोक्यात राहणारा संग्रह आम्ही सांभाळणार नाही. म्हणून थोरलीने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं आणि धाकटीने, थोरलीने लिहून दिलेल्या पायऱ्या वाचून, कोऱ्या कॉम्प्युटरवर राखीव प्रतीवरून सगळं परत आणून दाखवायचं. नाही जमलं तर संग्रह बंद.

थोरलीने पायऱ्या लिहून दिल्या होत्या खऱ्या, पण सगळ्या नाहीत. अडली की येईल मुकाट्याने विचारायला, असा तिचा हिशेब. विचारायला बंदी आहे, हे मत्सराच्या भरात बाईसाहेब विसरूनच गेल्या होत्या.

फोटो आले. नावं आलीच नाहीत. पडद्यावर नुसते चेहरे, त्यात सासूबाईंचाही, बेवारशासारखा. ग्रंथपालबाईंनी घड्याळ पाहिलं, तेव्हा कुठे थोरलीला बंदी आठवली.

धाकटीने शांतपणे सगळं पुसलं. आधी नावांची फाइल घेतली, मग फोटो. सासूबाईंच्या फोटोखाली सासूबाईंचं नाव लागलं.

"कागदावर हे नव्हतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"ताईंनी तोंडी सांगितलं होतं."

बाहेर जिन्यात थोरलीने तिला गाठलं. "खोटं कशाला बोललीस? आणि कळलं कसं तुला?"

"ताई, तुम्ही भाजी शिकवलीत तेव्हाही एक जिन्नस गाळला होतात. कागद हातात पडला तेव्हाच गाळलेली पायरी शोधायला बसले. आज आधी कागदाप्रमाणेच केलं, अटच होती तशी."

थोरलीला राग आला, हसूही आलं. मत्सर मात्र जागचा हलला नाही. बया खरंच हुशार होती, तेच तर दुखणं होतं.

"एकच सापडली ना? मी दोन गाळल्यात," ती म्हणाली. "संग्रहाच्या वेबसाइटच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, नाहीतर ती बंद पडते. त्याची आठवण फक्त माझ्या ईमेलवर येते."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे उद्या तुम्ही नसलात तर..."

"पेन काढ," थोरली म्हणाली. "पासवर्ड सांगते."