आंबेहळदीची पुडी

राजनंदिनीने तिसऱ्यांदा बेसन चोळून तोंड धुतलं आणि आरशात पाहिलं. पिवळंच! कपाळ पिवळं, गाल पिवळे, आणि हनुवटीवरच्या ज्या फोडांसाठी हा सगळा खटाटोप केला, ते मेले त्या पिवळ्यात आणखीच लालबुंद दिसत होते. अकरा वाजता बुधवार पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात मुलाखत होती. वाघोलीहून बसने जायचं तर आत्ताच निघायला हवं होतं.

"आई, आंबेहळदीचा रंग चढत नाही म्हणाला होता काष्ठौषधीवाला!"

मुक्ताबाई ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"त्याला काय कळतंय. लई वेळ ठेवलीस तू."

"तूच म्हणालीस, रात्रभर राहू दे! सायीत कालवलीस तू, लावलीस तू."

"मग ऱ्हाऊ दे आता. हळद लागलेली पोरगी उंबरा ओलांडत नसती. लोक काय म्हणतील?"

नोकरीचं नाव काढलं की मुक्ताबाईला असंच काहीतरी आठवायचं. कधी बसची गर्दी, कधी आत्याने सुचवलेलं स्थळ. आणि खरं सांगायचं तर राजनंदिनीही काही कमी नव्हती. या फोडांपायी दोन मुलाखतींना तिने आयत्या वेळी कच खाल्ली होती. ही तिसरी. तिने स्कार्फ घेतला, डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला गच्च गुंडाळला आणि चपला घातल्या.

बसमध्ये कुणी ढुंकून पाहिलं नाही. स्कार्फवाल्या पोरींचं पुण्याला काय नवल! पण दोन स्टॉप आधीच उतरावं आणि परत फिरावं, असं तिच्या मनात चारदा येऊन गेलं.

दुकानाच्या मालकीणबाई जुबेदा मॅडम काउंटरमागे फ्रेम पुसत बसल्या होत्या.

"स्कार्फ काढा. चष्मा तोंडावर लावतात."

तिने स्कार्फ सोडला. तिन्ही भिंतींना आरसे. जिकडे पाहावं तिकडे तिचंच पिवळं तोंड.

"अरे वा. लग्न कधी आहे?" जुबेदा मॅडमनी फ्रेम खाली ठेवली. "आधीच्या दोघी हळद लागली तशा गेल्या. मला टिकणारी मुलगी हवी आहे."

हो म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती. नवरीच्या तोंडावरचे फोड कोण मोजतं? राजनंदिनीचे कान तापले.

"लग्न नाही हो, मॅडम. पिंपल्स आहेत. त्याला आंबेहळद लावली होती."

जुबेदा मॅडम उठून जवळ आल्या. आपला चष्मा नाकावर चढवून त्यांनी तिचा गाल नीट निरखला.

"आंबेहळद असा रंग धरत नाही. ही भाजीतली आहे." मग त्यांनी पुन्हा फडकं उचललं. "सोमवारी दहाला या. दहा म्हणजे दहा."

ती घरी पोचली तेव्हा मुक्ताबाई भाकरी थापत होती.

"काय म्हणाली बाई?"

"सोमवारपासून ये म्हणाली."

थापणारा हात थांबला. "ह्या तोंडानं?"

"ह्याच तोंडानं."

राजनंदिनी सरळ फळीशी गेली. तांदळाच्या डब्यामागे आंबेहळदीची पुडी होती. काष्ठौषधीवाल्याने गुंडाळलेला दोरा तसाच, गाठसुद्धा त्याचीच. तिने पुडी हातात धरली आणि आईकडे पाहिलं. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. पिठातून डोकावणारी मुक्ताबाईची बोटं अजून पिवळी होती.

"उद्यापासून माझा लेप मीच कालवीन," ती म्हणाली.

मुक्ताबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"दह्यात कालव," ती तव्याकडे बघतच म्हणाली. "सायीनं फोड वाढत्यात."