दोनशे बारावी ओळ

मंगळवारी सकाळी मालनबाईंच्या कपाटातली एकतीस रजिस्टरं रडायला लागली.

आधी सर्वांत जुनं, निळ्या पुठ्ठ्याचं. मग त्याचं ऐकून दुसरं, वॉर्डातली बाळं रडतात तसं. प्रसूतिगृह बंद झालं तेव्हा डॉक्टरबाईंनी ही रजिस्टरं मालनबाईंच्या हवाली केली होती. एकतीस वर्षं मालनबाईंनी तिथे सिस्टर म्हणून काढली होती, वर्षाला एक रजिस्टर. भुकेचं रडणं कुठलं आणि नुसतं 'उचलून घ्या' म्हणणारं कुठलं, हे त्यांना कपाट न उघडताच कळत होतं.

भिंतीपलीकडून द्वारकाबाई ओरडल्या, "अहो सिस्टर, पाजा की त्यांना काहीतरी! माझी डाळ करपली."

मालनबाईंनी नणंदेला फोन लावला. हिरा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, पुण्यातल्या एका कचेरीचे डेटाबेस सांभाळायची.

"कागद थकला, वहिनी. सर्व्हरवर हलवू या सगळ्यांना. मी दिलेला लिनक्सचा कॉम्प्युटर आहे ना? चालू करा, मी सांगते तसं टाइप करा."

"चुकलं तर, वन्सं?"

"आमदाराच्या सुनेला कळा देताना दटावलंत, आणि याला घाबरता?"

हिरा एकेक अक्षर सांगत गेली. आधी प्रोग्रॅमची यादी ताजी करायची आज्ञा, मग डेटाबेस सर्व्हर बसवायची. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. यंत्राने पासवर्ड मागितला. मालनबाईंनी तो टाकला, पण पडद्यावर काहीच दिसेना.

"तो दिसत नसतो. टाकत राहा."

मग आयांचा एक तक्ता झाला आणि मुलांचा एक. अटी दोन: प्रत्येक बाळाला आई हवी, प्रत्येक बाळाला नाव हवं. नावांची अडचण नव्हती. बारसं झालं की घरचं कुणीतरी घुगऱ्या घेऊन यायचं, नाव सांगायचं, आणि ते कोऱ्या रकान्यात भरलं जायचं.

"आता शेवटचं," हिरा म्हणाली. "नवा सर्व्हर फक्त स्वतःच्या पोटातलं ऐकतो. सेटिंगच्या फाइलीत ऐकण्याची ओळ आहे, तिच्या सुरुवातीची हॅशची खूण पुसा. हॅश आहे तोवर ती ओळ झोपलेली. आणि पत्त्याच्या जागी चांदणी टाका. चांदणी म्हणजे कुणाचंही ऐकायचं."

मालनबाईंनी चांदणी टाकली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. पंखा घरघरला. कपाटातलं पहिलं रजिस्टर गप्प झालं. उघडून पाहिलं तर पानं कोरी होती, आणि खोलीच्या भिंती वीतभर आत सरकल्या होत्या.

एकेक रजिस्टर रितं होत गेलं. पडद्यावरून नावं धावत होती. सुतारांची तिळी, त्या वेळी वीज गेली होती आणि मालनबाईंनी पहाटेपर्यंत कंदील धरला होता. सोनाराची पायाळू मुलगी. पुरात होडीतून आलेल्या बाईचा मुलगा, त्याचं नाव खरंच सागर ठेवलं होतं. दुपारी दोनपर्यंत मालनबाईंचे गुडघे कपाटाला टेकले.

शेवटचं रजिस्टर रितं झालं, आणि पडताळणीत एक लाल ओळ आली. नाव रिकामं असू शकत नाही. आणि यंत्राच्या आतून सहा हजार बाळांनी एकदम टाहो फोडला.

"सगळी एकदमच घ्यायची असं सांगितलंय मी त्याला," हिरा म्हणाली. "एक अडलं की सगळी परत. कुठलं अडलं?"

"सातवं रजिस्टर. ओळ दोनशे बारा."

"पुसून टाका ती. एका ओळीसाठी कशाला…"

"आईच्या रकान्यात माझं नाव आहे, वन्सं."

त्या बाळंतपणाच्या वेळी हिरा चौदा वर्षांची होती, कुंची शिवून वाट बघत बसली होती. ते पान डॉक्टरबाईंनी स्वतः भरलं होतं. मुलगी. सहा पौंड. रडली का? नाही. ती जगात होती ती एवढ्या एका ओळीत. पहिल्यांदा रडण्याआधी बाळ छाती भरून श्वास घेतं. त्यानंतरची चोवीस वर्षं मालनबाई दर बाळंतपणात त्या श्वासापाशी थांबत आल्या.

"नाव ठरवलं होतंत?" हिराने विचारलं.

"हो."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? कानात सांगायचं ते आत्याने."

"मग मी आहे ना. फोन यंत्राच्या जाळीशी धरा. आणि मला नाव सांगा."

मालनबाईंनी तोंड उघडलं. बेचाळीस वर्षं त्यांनी ते नाव रोज मनात घेतलं होतं, पण त्याला आवाज कधी दिला नव्हता. ओठ हलले, पासवर्ड टाकावा तसे. काहीच बाहेर आलं नाही.

"वहिनी?"

मागची भिंत पाठीला टेकली.

"बरं. मी सुरू करते, तुम्ही मागून सांगा," हिरा म्हणाली. तिचा आवाज चौदा वर्षांचा झाला होता. "कुर्रर्र…"

आणि ती नावासाठी थांबली.

सहा हजार बाळं गप्प झाली. पलीकडे द्वारकाबाईंची भांडी थांबली. मालनबाईंनी जाळीला कान लावला.

आत, अगदी जवळ, कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.