कंबरेचं दुखणं

"नाडी म्हणून काय दोरखंड ओवलाय का यात?" न्हाणीच्या कुडापलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. "माणसाला बांधायची का बैलाला?"

कुडाच्या अलीकडे त्याची बायको शेंगा सोलत बसली होती. हात थांबले नाहीत, पण कान तिकडेच होते. ती नाडी तिनेच परवा बदलली होती. आधीची काढून जुन्या मऊ कापडाची पट्टी शिवून घातली होती. त्याच्याही आधी पायजम्याची कंबरपट्टी उसवून दोन बोटं सैल केली होती. कुठलीच नाडी याला चालायची नाही हे तिला कधीच कळून चुकलं होतं. तरी ती आपली बदलत राहायची.

बोलणं तिला उद्देशून नव्हतंच. हल्ली तो नाडीशी बोलायचा, बादलीशी बोलायचा, दाराच्या कडीला शिव्या द्यायचा. माणसांशी बोलायला त्याच्याकडे एकच वाक्य उरलं होतं, "कंबर जरा धरलीय."

गाव त्याला पैलवान म्हणायचं. उभ्या जन्मात तो कुस्ती खेळला नव्हता. पण उताराच्या शेतांना दगडी ताल घालायचं काम करायचा आणि ते काम बघणाऱ्याला दुसरं नाव सुचलं नसतं. ताल म्हणजे माती वाहून जाऊ नये म्हणून बांधाला रचलेली दगडांची भिंत. तिच्यात ना चुना ना सिमेंट, नुसता दगडावर दगड. उचललेला दगड पोटाशी धरायचा, तसाच धरून फिरवून त्याचं तोंड शोधायचं, मग हळूच बसवायचा. बसला की वरून एक थाप मारायची, म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर मारावी तशी. त्याच्या तालाला पावसाळ्यात कधी पोट सुटलं नाही. सुटलं ते त्याचंच.

जांघेत गाठ आली. खोकला की बाहेर, आडवा झाला की आत. कितीतरी दिवस त्याने ती कुणाला दाखवली नाही, अगदी बायकोलाही नाही. मग एक दिवस ती बाहेर आली ती आत जाईचना आणि पैलवान शेताच्या कडेला उलट्या करत लोळायला लागला. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमधून शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कापलं, आत जाळी बसवली, शिवलं. म्हणाले, काही दिवस जड उचलू नका, मग घोड्यासारखे पळाल.

आता ती कंबर कुठून आली ते सांगायला हवं. दवाखान्याच्या बाकावर सासू, म्हणजे पैलवानाची आई, बसली होती. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, कसलं हो ऑपरेशन? म्हातारीने छताच्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कंबरेचं."

यात म्हातारीचं खोटं बोलणं नव्हतं. त्या घरात बेंबीपासून गुडघ्यापर्यंतच्या सगळ्या मुलखाला एकच नाव होतं, कंबर. बाईची पाळी आली की कंबर दुखायची, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तरी कंबरच, आणि आजेसासऱ्यांची लघवी अडली होती तेव्हाही त्यांची कंबरच गेली होती म्हणे. त्या मुलखातल्या गावांना वेगळी नावं आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती घेऊन हाक कुणी मारत नव्हतं. तेव्हा पैलवानाचंही कंबरेचंच झालं.

जखम भरली. व्रण असा बारीक की कुणी रेघ ओढली असावी. पण दुखणं गेलं नाही. व्रणाच्या आत, खाली, मांडीच्या आतल्या अंगाला कुणीतरी तापलेली तार ओढत ठेवल्यासारखं व्हायचं. कापडाचा स्पर्श झाला तरी आग. खाली बसलं तर कळ, उठलं तर कळ, शिंक आली तर डोळ्यांपुढे काजवे. थोरल्या भावाने त्याला परत त्या डॉक्टरांकडे नेलं. थोरला मनाचा सोन्यासारखा माणूस, फक्त समोरच्याला बोलू द्यायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी जखम बघितली, म्हणाले, छान भरलीय, दुखतं का काही? पैलवानाने तोंड उघडायच्या आत थोरला म्हणाला, कंबर जरा धरते साहेब. ते म्हणाले, ते आमच्याकडचं नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मग गाव त्या कंबरेच्या मागे लागलं. दुकानदाराने बसायची फळी दिली. न्हाव्याने तेल चोळून पाठ रगडून काढली. शिंपीणबाईने गरम विटेचा शेक सुचवला, आणि सुतार म्हणाला की कुणीतरी हलक्या अंगाचं माणूस पाठीवर चालवा. हलक्या अंगाचं म्हणून सुताराच्याच आईला आणलं. ती बिचारी भिंतीला धरून पैलवानाच्या पाठीवर दोन फेऱ्या मारून आली आणि पालथ्या पडलेल्या पैलवानाने जमिनीत तोंड खुपसून, ज्या बाजूने खरं दुखत होतं ती बाजू चटईवर दाबली जात असताना, "बरं वाटलं काकू" म्हणून सांगितलं. थोरल्याने शहरातून कंबरेचा पट्टा आणला. त्या पट्ट्याची खालची कड नेमकी व्रणावर यायची. तोही त्याने वापरला. भावाने आणलेला होता ना.

दुखण्यातलं हे तिला सगळ्यात असह्य व्हायचं. कळ आली की तो ओरडायचा नाही. ज्याच्या उपायाने ती आली त्याचेच आभार मानायचा.

घरी आल्यापासून त्याने खाट ओसरीवर काढली होती. म्हणाला, आत उकडतं. उकाडा संपला, थंडी पडली, खाट ओसरीवरच राहिली. पहिले काही महिने ती वाट बघत होती. एकदा धीर करून त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो विंचू चावल्यासारखा बाजूला झाला. मग तिने हात ठेवणं सोडलं. विहिरीवर बायका थट्टा करायच्या, पैलवानाची कंबर अजून रजेवरच का गं? ती हसून म्हणायची, रजा कसली, पेन्शनीत निघालीय. सगळ्या हसायच्या. घरी येताना डोक्यावरची घागर हिंदकळून तोंडावर पाणी यायचं, ते बरंच असायचं. आरशात बघून तिने केसांतली पांढरी बट मागे सारली होती, जुनं लुगडं बाजूला ठेवून बरं नेसली होती, आणि त्याचाही काही उपयोग झाला नाही म्हटल्यावर मुकाट्याने जुनं पुन्हा काढलं होतं. त्याला आपण नकोशा झालो, एवढाच अर्थ तिला लागला. हे मात्र तिने कुणाजवळ काढलं नाही. त्या दुखण्यालाही तिने कंबरच म्हटलं असतं.

खरं तिला कळलं ते गोऱ्ह्यामुळे. गोठ्यापुढे गवताची गंजी रचायचं चाललं होतं. थोरला, जाऊ, सासू, शेजारचे दोघं, सगळे होते. पैलवान हल्ली नुसता उभा राहून सांगायचा, भारा इकडे टाका, तिकडे टाका. मस्तीला आलेल्या गोऱ्ह्याने उडी मारली आणि डोकं त्याच्या मांड्यांत घातलं. धक्का म्हणावा इतकाही नव्हता. पैलवानाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून, कपाळ मातीला टेकून थरथरायला लागला. सगळ्यांनी बघितलं. हात कुठे आहेत तेही बघितलं. मग सगळ्यांनी एकदमच गंजीकडे, आभाळाकडे, गोऱ्ह्याकडे बघायला सुरुवात केली.

"कंबरेत चमक भरली," सासू म्हणाली.

"कंबरेतच भरली," थोरला म्हणाला. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.

ती मात्र त्याच्याजवळ बसून होती. तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हाचा तो विंचू खरा कुठे चावला होता, ते तिला आत्ता कळलं. छातीवरचा एक दगड उतरला आणि त्याच जागी दुसरा, त्याहून जड, बसला.

थोरल्याने मनावर घेतलं. हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. गोळ्या झाल्या, मशीनमध्ये घालून फोटो काढून झाले. जन्मभर दगड उचललेल्या माणसाच्या मणक्यांत जी झीज असायची ती होतीच. डॉक्टर म्हणाले, एवढं बसता-उठता येत नसेल, गोळ्यांनी फरक नसेल, तर मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल. घरी विचार करून या. घरी विचार थोरल्यानेच केला. पैलवानाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, तू म्हणशील तसं दादा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन शेतावर गेली. अर्धवट राहिलेल्या तालापाशी तो उभा होता. वरच्या शेताची माती त्या खिंडारातून खाली ओघळून आली होती, लाल, भुसभुशीत, पायाखाली पीठ व्हावी तशी. तो एका हाताने बारका खडा उचलून फटीत बसवत होता, पोरं खेळतात तसं.

तिने डबा ठेवला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "पाठ कापून घेणार तुम्ही?"

"घेतो ना."

"पाठीत दुखतंय?"

तो हसला. "खरं सांगू? इतके दिवस कंबर कंबर म्हणून सांगत फिरलो, आता कंबरपण दुखायला लागलीय. तिला वाटलं असेल, एवढं म्हणतोय तर दुखून देऊ याला."

तिला हसू आलं नाही. तिने विचारलं, मग डॉक्टरांना खरं का सांगत नाही. तो म्हणाला, दादापुढे? आईपुढे? काय सांगू, कुठं बोट दाखवू? गावात काय होईल? पैलवानाचं तिथलं गेलं म्हणतील. त्यापेक्षा पाठ कापलेली बरी. पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात.

"आणि दुखणं राहिलंच तर?"

"राहिलं तर राहिलं. निदान विचारायचे तरी थांबतील."

त्याने आणखी एक खडा बसवला. थाप मारायला हात वर गेला आणि खडा एवढासा बघून तसाच खाली आला.

ऑपरेशनचं नक्की करायला सगळे गेले. थोरला होता, सासू होती, ती होती. डॉक्टरांच्या खोलीत दोनच खुर्च्या. एकीवर म्हातारी बसली, दुसरी पैलवानाला दिली तर तो नको म्हणून भिंतीशी उभा राहिला. थोरला टेबलाला ओणवून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. कंबर अशी धरते, कंबर तशी भरते, परवा तर गोऱ्ह्याच्या धक्क्याने कंबरेत अशी कळ आली.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरले, पुन्हा धरले. मग थोरल्याला हात करून थांबवलं. म्हणाले, तुम्ही नका सांगू, यांना सांगू द्या. कळ कुठून निघते आणि कुठे जाते, एका बोटाने दाखवा.

पैलवानाने हात मागे नेऊन कंबरेवर ठेवला.

"इथून," तो म्हणाला.

"आणि जाते कुठे?"

हात तिथेच राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे सासू बघत होती, टेबलावरच्या पेपरवेटकडे थोरला. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. ते टोपण निघालेलं तिने बघितलं आणि तिला वाटलं, आता लिहितील, आणि एकदा लिहिलं की कापतील.

"कंबर नाही," ती म्हणाली.

थोरला वळला. सासू म्हणाली, "तू गप गं, बायकांचं काय काम यात."

"कंबर नाही दुखत त्यांची," ती डॉक्टरांना म्हणाली. "पहिल्यापासून नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग कुठे दुखतं?"

तिच्या जिभेवर शब्द होता. साधा शब्द, जनावरांच्या बाबतीत रोज वापरायचा. पण दिरापुढे तो बाहेर पडेना. आणि पडला असता तरी तो तिने बोलून उपयोग नव्हता हे तिला त्याच क्षणी कळलं. इतके दिवस सासू बोलली, दीर बोलला, सबंध गाव बोललं. आता आपण बोललो तर आणखी एक माणूस वाढेल, एवढंच.

ती त्याच्याकडे वळली. इतक्या माणसांत तिने कधी त्याच्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर ते माझं होईल. दुखणं तुमचं आहे."

तो जमिनीकडे बघत राहिला. कंबरेवरचा हात सैल झाला, खाली लोंबला. मग तो हात हळूच पुढे आला, व्रणावर, आणि तिथून खाली मांडीच्या आत, आणि तिथेच थांबला, आईसमोर, भावासमोर. त्याची मान खाली गेली. खांदे हलायला लागले. एवढा मोठा देह, पण रडण्याचा आवाज येत नव्हता.

"जांघेत," तो म्हणाला. "जांघेत, साहेब. टाक्याखाली. आग होते दिवसभर." त्याने मनगटाने नाक पुसलं. "कुणी जवळ आलं तरी भीती वाटते, लागेल म्हणून. बायको जवळ आली तरी. म्हणून मी बाहेर निजतो." मग डॉक्टरांना नाही, आईला नाही, भिंतीलाही नाही, पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवून म्हणाला, "तुला वाटतं, मला तू नकोशी झालीस. तसं नाही गं."