गिरवलेले बारा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. कोपरे दुमडलेली, पाठीला डिंकाची पट्टी लावलेली. आग विझवण्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. यंत्रांचे नकाशे फ्रेंचमध्ये यायचे. त्यांतल्या प्रत्येक सुट्या भागाचं नाव इंग्रजीत करायचं काम एका बाईंचं होतं, आणि ते शब्द सांभाळायचं काम माझं.

बाईंची एक शिस्त होती. नुसत्या शब्दकोशावर त्यांचा विश्वास नसे. मला काखेत मारून त्या खाली फिटरकाकांकडे जायच्या. काका यंत्र खोलून पिन, नळी, स्प्रिंग एकेक करून त्यांच्या हातात द्यायचे. "बाई, शब्दांनाही ग्रीस लागतं का हो?" असं चिडवायचेही. भाग हाताळून झाला की शब्द शाईनं. तोवर पेन्सिलीनं, पुढे प्रश्नचिन्ह. माझ्या पानांना ग्रीसचा वास यायचा आणि मला त्याचा कोण अभिमान होता!

बाईंनी आपल्या धाकट्या जाऊबाईंना टायपिस्ट म्हणून तिथेच चिकटवून दिलं. मला उघडून कामही शिकवलं. एकदा बाई दाढ काढायला दोन दिवस रजेवर गेल्या आणि नेमकी साहेबांनी यादी मागितली. "शाईचे शब्द तेवढेच द्या," ते म्हणाले. बारा शब्द पेन्सिलीत होते. यादी अपुरी दिसली तर आपली किंमत काय राहील, असं जाऊबाईंना वाटलं असावं. त्यांनी पेन उचललं, बाराही शब्द गिरवले आणि प्रश्नचिन्हं खोडून टाकली. मला तर गुदगुल्या झाल्या. घात होतोय हे कळलंच नाही.

त्यांतला एक फ्रेंच शब्द होता 'ओपेर्क्यूल'. म्हणजे गॅसच्या कुपीवरचा पातळ पत्रा. दांडा दाबला की आतल्या सुईनं तो फुटतो, गॅस सुटतो आणि आग विझवणारी पावडर बाहेर पडते. बाईंनी तो पाहिला नव्हता, म्हणून अंदाजानं झाकणासाठीचा इंग्रजी शब्द लिहिला होता. रजेवरून परतल्यावर बाई नव्या नकाशांत गुंतल्या, ते पान पुन्हा उघडलंच नाही, आणि यादीप्रमाणे जाडजूड झाकणं बनून आली. चाचणीच्या दिवशी फिटरकाकांनी दांडा दाबला. सुई वाकली. समोरची आग जळतच राहिली.

साहेबांनी बाईंना बोलावलं आणि मला उघडलं.

"मी हा पेन्सिलीनं लिहिला होता, साहेब."

"इथं तर शाई दिसतेय."

बाईंनी जाऊबाईंकडे पाहिलं. "अगं, सांग ना."

"मी कशाला हात लावू, ताई, तुमच्या वहीला?"

बाईंची नोकरी त्याच दिवशी गेली. ज्यांनी मला जिवापाड जपलं, त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मलाच पुढे केलं! जाताना बाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. हीसुद्धा फितूर झाली, असंच त्यांना वाटलं असेल.

आता मी जाऊबाईंच्या टेबलावर असते. तो एक शब्द तेवढा दुरुस्त झालाय. उरलेले अकरा तसेच आहेत, आणि त्यांच्यावरून बनलेली यंत्रं कुठल्या कुठल्या भिंतींवर टांगली गेली आहेत. मित्रांनो, मला फाडू नका, भिजवू नका, असं मी नाही सांगणार. कुणी आपली शंका प्रामाणिकपणे लिहून ठेवली असेल, तर ती तशीच राहू द्या. आणि तुमच्या शाळेच्या भिंतीवर लाल यंत्र असेल, तर ते एकदा कुणाला तरी खोलून बघायला सांगा.