दारी इस्तारा

तेलुगूत ‘दारी’ म्हणजे वाट आणि ‘इस्तारा’ म्हणजे देता का. आमच्या चंपाकाकूला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या नावावर दोन एकर वावर आहे आणि गाव तेलुगू मुलखात असलं तरी तिला फक्त मराठी येते.

त्या दिवशी तिच्या वावरातल्या खोपडीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, तिघंजण होते. रस्त्याचा साहेब, ज्याला मराठी येत नाही. काकू. आणि मागच्या वावराचा देवानंद, ज्याला दोन्ही भाषा येतात आणि ज्याच्या ट्रॅक्टरला वाट पाहिजे होती. वाट धुऱ्यावरून, म्हणजे दोघांच्या मधल्या बांधावरून, गेली असती तर त्याचीही जमीन गेली असती. काकूच्या मधातून गेली तर फक्त काकूची. मी पंपाचं वायसर आणायला इचोड्याला गेलो होतो. वायसरही मिळालं नाही.

साहेबानं वावराकडे हात करून विचारलं, “अम्मा, दारी इस्तारा?”

इस्तो म्हणजे आमच्याकडे विस्तव. काकूला वाटलं, दारी इस्तो आहे का, म्हणून विचारून राह्यला. बिडी पेटवायची असेल.

“हाये नं बापा, घ्या की!” म्हणत ती चुलीतला निखारा पत्र्यावर घेऊन धावत आली.

साहेब दोन पावलं मागं सरकला. मग त्याला वाटलं, मराठी लोकांत जमीन देताना असंच करत असतील. त्यानं निखाऱ्याला हात जोडले, फोटो काढला आणि ही काय म्हणते, असं देवानंदला विचारलं.

“घ्या म्हणते,” देवानंद तेलुगूत म्हणाला.

भाषांतरात एकही चूक नव्हती.

आठवड्याभरात जेसीबी आला. पऱ्हाटीला बोंडं धरली होती. काकू मशीनसमोर उभी राहिली.

“काऊन रे देवानंद, तू तं होता नं तिथं?”

“होतो नं वयनी. तुमी म्हणल्या घ्या, मी म्हणलो घ्या. आपल्या मनचं अक्षर नाई टाकलं.”

“मी इस्तो देल्ला होता, मुडद्या! वावर नाई!”

“मंग साहेबाले काय सांगू? इस्तो वापस द्या म्हणू?”

जमलेले लोक हसले. जेसीबीचा ड्रायव्हर बिहारचा होता. त्याला काहीच कळलं नाही, म्हणून तो सगळ्यांत जास्त हसला.

मी मंडल हापिसात जाऊन साहेबाला तेलुगूत सगळं समजावलं. शाळेत तेलुगूत मला चांगले मार्क होते. त्यानं मन लावून ऐकलं. “दोन भाषा किती जवळच्या आहेत,” म्हणाला, आणि असे आणखी शब्द आहेत का ते विचारलं. मग म्हणाला, रजामंदी झालेली आहे, मुरूमही पडलेला आहे.

वाट झाली. चांगली उंच झाली, त्यामुळे वरच्या तुकड्यातलं पाणी अडलं आणि तिथली पऱ्हाटी पिवळी पडली. खालच्या तुकड्यातली तेवढी उभी राहिली.

परवा काकू कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन खालच्या तुकड्यातून खोपडीकडे निघाली होती. मी मागं होतो. वाट ओलांडताना देवानंदच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

“वयनी, बाजूला व्हा नं! रस्ता हाये हा, वावर नाई!”

मला शिव्या तोंडावर आल्या होत्या, दोन्ही भाषांतल्या. पण काकू आधीच बाजूला झाली होती, चिखलात. ट्रॅक्टर जाईपर्यंत तिनं पदर पुढं ओढून धरला, परक्याच्या वावरातून जाताना धरते तसा.