दाणे कुठे दळावेत?

कॉफीच्या पाकिटामागे सूचना लिहिणारे साहेब, माझ्या बायकोची झोप तुम्ही चोरलीत. विचार करून आरोप करतोय. थोडा दोष माझाही आहे, पण आधी तुमचं बघू.

मी शिंपी. बाहेरच्या खोलीत मशीन टाकलंय, दिवसभर पँटी आखूड कर, चेन बदल, पडद्यांना टिपा मार. बायको नर्स, अतिदक्षता विभागात, कायम रात्रपाळीला. सकाळी येते, आतल्या खोलीत झोपते ती दुपार कलल्यावर उठते. एकदा उठल्या उठल्या म्हणाली, इस्पितळातली कॉफी म्हणजे फडकं पिळलेलं पाणी. झालं. हिला उठल्यावर खरी कॉफी द्यायची, असं मी मनाशी ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जन्मभर तयार पावडर पिणारा मी दुकानात दाणे निवडायला उभा राहिलो. पाकिटाला बारीक भोक असतं, तिथे नाक लावून दाबायचं, असं कुठेतरी ऐकलं होतं. मी ते इतकं दाबलं की दुकानदार म्हणाला, "काका, तो भोंगा नाही." शेवटी सगळ्यात काळे दाणे घेतले. गडद रंग मळत नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव. तुम्ही छापलं होतं: संत्र्याची साल, मध, ओलं लाकूड. मला इस्त्रीखाली करपलेल्या कापडाचा वास आला. नाकच अडाणी असेल म्हणून मी मान डोलावली.

त्याखाली तुमची ती ओळ. दाणे कॉफी करतानाच दळा, आधी दळलेली कॉफी मेलेली असते. मेलेली कॉफी बायकोला कशी द्यायची? हातानं फिरवायची चक्की आणली. विजेची आणली तर आवाज होईल, एवढी अक्कल मला होती. तेवढीच होती.

पहिल्या दिवशी मशीन बंद करून स्वयंपाकघरात गेलो. दाणे भरले, चक्की जरा कुठे फिरवली, तर बायको दारात. डोळे लाल, केस विस्कटलेले. म्हणाली, काय झालं? मला तो टोमणा वाटला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात कडी लावून दळलं. बाहेरून दारावर टकटक: काय झालं? मग मी जिना उतरून विजेच्या मीटरखाली बसून दळायला लागलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वळसा घातला आणि नातवाला दुसऱ्या हाताला घेतलं. परत आलो तर बायको पलंगावर टक्क जागी. हिचे कान आहेत की काय आहेत, असं मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणायची छाती नव्हती.

शेवटी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात शिरलो. डोक्यावर गोधडी, मांडीत चक्की, दार आतून ओढलेलं. आतमध्ये तिचे इस्त्री केलेले गणवेश टांगलेले होते, हे लक्षात यायला तिथे उजेड हवा होता. ती उठलीच, पण गंमत रात्री इस्पितळात झाली. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले एक आजोबा तिला सोडेचनात. सिस्टर, ज्याला देताय त्याच्यातली घोटभर कॉफी मलाही द्या. मुख्य परिचारिकेनं तिचा गणवेश हुंगून चौकशी केली.

सकाळी तिनं पिशवी भरली. भांडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"आज इथे झोपते. उद्यापासून ताईकडे," ती म्हणाली. "काल सलाईन लावताना पेशंटचं नाव वाचलं आणि वाचलेलं विसरले. माझ्या हातात माणसं असतात हो."

मी चक्की माळ्यावर फेकली आणि पडदे शिवायला बसलो. लांबलचक पडदे, सरळ टीप, मान वर करायची नाही. बायको गाढ झोपली होती. मग सुई मोडली. मी नवी शोधतोय तोवर ती दारात.

"काय झालं?"

चक्की माळ्यावर, दाणे डब्यात. मी मोडकी सुई दाखवली. ती इस्त्रीच्या टेबलाला टेकली.

"मशीन थांबलं की मला जाग येते," ती म्हणाली. "आमच्याकडे यंत्र गप्प झालं की पळायचं असतं."

म्हणजे चक्कीनं काही केलंच नव्हतं. मी आवाज चोरायला जितका लांब गेलो, तितका वेळ मशीन गप्प, आणि ही झोपेतून कुणाला तरी वाचवायला धावतेय. आणि मी तिच्या कानांना नावं ठेवतोय. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्या शिंप्याला हातभर अंतरावरचं मशीन ऐकू आलं नाही.

आता मी तिच्या दाराशी, मशीनवरच बसून दळतो. सुईतला दोरा काढलेला, खाली चिंधी, पाय पायडलवर, हातात चक्की. कॉफीच्या पाण्याची किटलीही तिथेच. परवा पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक हे बघून पँट न घेताच गेलं. बायकोची पिशवी रिकामी झाली. ती पुरती झोपून उठते, तुमच्या संत्र्याच्या सालीत दोन चमचे साखर घालते आणि बरी आहे म्हणते.

तर साहेब, किती दाणे, किती पाणी, किती बारीक, सगळं छापलंत. घरात कुणी झोपलंय का आणि ते कशानं उठतं, हे आधी बघा, एवढी एक ओळ का नाही छापलीत? मला अक्कल नव्हती हे मान्य. तुम्हाला होती ना? मग उत्तर द्या. लेखी द्या. फोन करू नका आणि दुपारी दार तर मुळीच वाजवू नका.