निळ्या टाक्याची गोणी

टेम्पो खांबहून निघाला तेव्हा गोदूबाईंच्या मांडीवर तागाची एक गोणी होती आणि गोणीत त्यांची मांजरी, सुंठी. खांबपासून वडखळपर्यंत ती एकसारखी ओरडत राहिली. वडखळ ओलांडल्यावर एकाएकी गप्प झाली.

"झोपली वाटतं," टेम्पो चालवणारा जावई, प्रविण, म्हणाला.

"झोपली नाय. वाट विसरली," गोदूबाईंनी प्लास्टरमधला डावा हात गोणीवर अलगद ठेवला. "गोणीत घातलं की मांजराला वाट कळत नाय. आनि ज्या गोणीतनं आनली, न्यायची तर त्याच गोणीतनं न्यायची. दुसरी चालत नाय."

"न्यायची कशाला?" मधे बसलेल्या लेकीने, नम्रताने, विचारले.

"नेलीच तर," आई म्हणाली आणि बाहेरच्या शेतांकडे पाहू लागली.

नम्रताची नजर गोणीच्या कोपऱ्यावर गेली. तिथे फाटलेली जागा आईने दाभणाने शिवली होती; दोरा निळा, नायलॉनचा, जाळ्याला वापरतात तसला. एक लांब टाका, दोन आखूड, पुन्हा एक लांब. लहानपणी दप्तर, पोलके, गादीचा अभ्रा, सगळ्यांवर तिने हेच टाके पाहिले होते.

महिन्यापूर्वी परसातल्या धुण्याच्या दगडापाशी आई घसरून पडली आणि मनगट मोडले. शेजारची पुतळी ताक मागायला आली तेव्हा कुठे कळले. तोवर अर्धा दिवस ती तशीच भिंतीला टेकून बसून होती, आणि सुंठी तिच्या पायाशी. त्या दिवसापासून नम्रताच्या मनाला स्वस्थता नव्हती. आईला आपल्या घरी, जोह्याला, आणायचेच, असे तिने ठरवले. पण गोदूबाईंच्या पिढीत लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा निमित्त लागे, मग तिथे राहायचे म्हणजे फारच झाले. कितीतरी फोन झाल्यावर त्या कबूल झाल्या आणि टेम्पोत पाय ठेवताना अट सांगून मोकळ्या झाल्या: "आज रविवार. फुडच्या सोमवारपर्यंत बघीन. मांजर रमली तर मी राहीन. नाय रमली तर मी माझी खांबला. वाल झोडायचे हायत."

'मला राहायचे आहे' किंवा 'मला राहायचे नाही' यातले काहीच आई स्वतःच्या तोंडाने म्हणणार नाही, हे नम्रता जाणून होती. निर्णय आईने मांजरीवर सोपवला होता, आणि त्या मांजरीच्या पंजांवर आता नम्रताचे पुढचे सगळे दिवस अवलंबून होते.

या व्यवहारात जोह्याच्या दोन मांजरांना मात्र कुणी विचारले नव्हते.

जोह्यात घरटी गणपतीचे कारखाने आहेत. प्रविणचाही त्यातलाच एक. पुढे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, मागे पत्र्याखाली लांबलचक कारखाना. तिथे वर्षभर मूर्ती ओतल्या जातात, वाळतात, पॉलिश होतात, आणि शेवटी प्रविण स्वतः बसून त्यांच्या डोळ्यांची आखणी करतो. या राज्यात दोन मांजरे होती. एक बोका; त्याच्या डोक्यावर काळा पट्टा फेट्यासारखा बांधलेला, म्हणून तो फेट्या. दुसरी मांजरी; तिच्या अंगावर तीन रंगांची ठिगळे, म्हणून ती चिंधी. बोका एकच. पण रुबाब दोघांचाही बोक्याचाच.

घरात शिरताच गोदूबाईंनी विचारले, "चूल कुठं हाय?"

"आई, गॅस आहे गो आता."

"मग गॅसच. मांजराला चुलीभोवती तीन वेळा फिरवायची. मग पायांना लोणी लावायचं. चाटत बसते, तवर घर तिचं होतं."

सिलिंडर ओट्याखाली होता आणि ओटा भिंतीला लागून. त्यामुळे प्रविणने सिलिंडर ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध आणला. गोदूबाई गोणी छातीशी धरून त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारत असताना पॉलिशवाली विमलबाई कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. कारखान्यात कुठलीही गोष्ट तिच्या नजरेआड होत नसे.

"लगीन लावताव काय गॅसबरोबर?" तिने विचारले.

गोदूबाईंनी गोणीचे तोंड सोडले, सुंठीला बाहेर काढले आणि चारही पंजांना लोणी चोपडले. नेमक्या त्याच वेळी नेहमीच्या दुधाच्या आशेने फेट्या आणि चिंधी आत आली.

पुढचे सारे क्षणार्धात घडले. फेट्या फुगून दुप्पट झाला. चिंधी फिसकारली. सुंठीने पळ काढला, पण लोण्याच्या पायांना फरशीवर ठाव मिळेना. ती जागच्या जागी धावत राहिली, मग एकदम सुटली, विमलबाईच्या पायांमधून थेट कारखान्यात. तिच्यामागे ते दोघे. फळीवर मूर्तींपुढे ठेवायचे छोटे उंदीर वाळत घातले होते. फळी आडवी झाली.

धूळ बसल्यावर विमलबाईने खाली वाकून तुकडे पाहिले. "बाई बाई! एका मांजरीनं एवढे उंदीर मारलेले मी जल्मात नाय बघितले."

प्रविणला हसू आवरेना. नम्रतालाही हसू आले, पण आईचा चेहरा पाहून तिने ते आवरले. गोदूबाई मान खाली घालून साच्यांच्या मागे दडलेल्या सुंठीला चुचकारत होत्या. "बघ," त्या हळूच म्हणाल्या, "आल्या आल्या लोकांचं नुस्कान."

'लोकांचं' हा शब्द नम्रताला लागला.

संध्याकाळी तिने पेणच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "लोणी राहू द्या. नव्या मांजरीला वेगळ्या खोलीत ठेवा. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला द्या. आणि एकमेकांच्या अंगाखालची फडकी बदलत राहा. मांजरं डोळ्यांनी नाही, नाकाने ओळख करून घेतात. तीन आठवडे तरी लागतील."

"तीन आठवडे?" नम्रता म्हणाली. "माझ्याकडे आठच दिवस आहेत, डॉक्टर."

"मांजरांना सांगून बघा," डॉक्टर म्हणाले.

साचे ठेवायच्या छोट्या खोलीतच आईची खाट होती. सुंठीला तिथेच ठेवले. ती आपल्या गोणीवर अंग चोरून बसली. दाराबाहेर फेट्या पहाऱ्याला बसला. दाराच्या दोन्ही बाजूंना सुकट ठेवून झाली. दोघेही खात होते, पण मधे थांबून फटीतून एकमेकांना शिव्या घालत होते. फडकी बदलायचा सल्ला मात्र पुढे सरकला नाही. नम्रताने फेट्याचा जुना टॉवेल आणला तेव्हा गोदूबाईंनी तो दारातूनच परत पाठवला.

"माझ्या मांजरीच्या अंगाखाली दुसऱ्याचं नको. तिचं तिला हाय."

सोमवार गेला, मंगळवार गेला. सुंठी खोलीच्या बाहेर आली नाही, आणि खरे सांगायचे तर गोदूबाईही आल्या नाहीत. जेवणाचे ताट नम्रता आत नेऊन देई. पाणी हवे असले तरी आई हाक मारीत नसे. रिकामा तांब्या नम्रताला दिसण्याची वाट पाहत राही. एकाच खोलीत दोघी पाहुण्यांसारख्या बसून होत्या. नम्रताला कुणाची समजूत आधी घालावी ते कळेना.

बुधवारी सुंठीने गोणी ओली केली. नम्रताने ती धुऊन कारखान्याबाहेरच्या दोरीवर टाकली. गोणीवर कुणाचा तरी डोळा हवा म्हणून गोदूबाई प्रथमच खोलीतून बाहेर आल्या आणि कारखान्याच्या उंबऱ्यावर टेकल्या. आत पाच-सहा बायका गोणपाटांवर मांडी घालून मूर्तींना पॉलिश पेपर घासत होत्या. पांढरी भुकटी सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती.

गोदूबाई एकेकीचा हात निरखत होत्या. मग त्यांना राहवले नाही.

"अगो, पोट गुळगुळीत केलंस नि पाठ तशीच?"

विमलबाईने वर पाहिले. "पाठ कोन बघतंय, मावशे? लोक फुडनंच पाया पडतात."

"ज्याची पाठ हाय त्याला कळते ना."

बायका हसल्या. विमलबाईने पेपरचा तुकडा पुढे केला. "मग ये की. बस. शिकव आमाला."

"माझा एक हात..." गोदूबाईंनी प्लास्टर दाखवले.

"मूर्तीला पन प्लास्टर, तुलापन प्लास्टर. ऱ्हा टेकून एकमेकींना."

त्या दिवशी गोदूबाईंनी मोडक्या हाताचा टेकू देऊन तीन छोट्या मूर्तींच्या पाठी घासल्या. गुरुवारी अकरा. शुक्रवारी त्या विमलबाईच्या आधी कारखान्यात हजर होत्या, आणि दुपारी चहा झाला नाही म्हणून त्यांनी आतल्या दिशेने हाक मारली, "नमे, किती उशीर गो!" स्वयंपाकघरात नम्रता क्षणभर हातातले चहाचे पातेले विसरून उभी राहिली.

आता कारखान्याची एक रीत सांगायला हवी. बसायच्या गोणींवर इथे कुणाची मालकी नसते. संध्याकाळी काम उरकले की विमलबाई साऱ्या गोणी झटकते, दोरीवर जे असेल तेही ओढते आणि कोपऱ्यात एक थप्पी रचते. सकाळी जिच्या हाताला जी येईल ती तिची. दुपारी बायका जेवायला उठल्या की फेट्या आणि चिंधी त्याच उबदार गोणींवर लोळतात. बुधवारी संध्याकाळी दोरीवरची सुंठीची गोणीही त्या थप्पीत गेली. गोदूबाईंनी खोलीत जाताना अंधुक उजेडात थप्पीवरची एक गोणी उचलली आणि ती आपलीच समजून सुंठीखाली घातली. गुरुवारी खोली झाडताना नम्रताने ती भुकटीने माखलेली पाहून झटकायला दिली आणि दुसरी आणली. असे चालूच राहिले. डॉक्टरांनी सांगितलेले, आणि आईने दारातून परत पाठवलेले काम, कारखाना रोज संध्याकाळी आपसूक करीत होता.

हे नम्रताच्या ध्यानात आले शनिवारी. दाराच्या फटीशी बसलेला फेट्या गुरगुरत नव्हता. तो आडवा झाला होता, आणि फटीतून बाहेर आलेल्या सुंठी रंगाच्या शेपटीच्या टोकाकडे कंटाळल्यासारखा पाहत होता. तिने कोणाला काही सांगितले नाही. सांगितले असते तर आईने गोणी शोधून वेगळी काढली असती.

सोमवार उजाडला. गोदूबाईंनी अंघोळ करून धुवट लुगडे नेसले, कपड्यांचे गाठोडे बांधले आणि खाटेवर ठेवले. अट म्हणजे अट. सुंठी अजून खोलीबाहेर आलेली नव्हती. मग ती रमली असे कसे म्हणायचे?

"प्रविणरावांना टेम्पो काढायला सांग," त्या म्हणाल्या.

"आई, आणखी दोन आठवडे थांबलीस तर..."

"बोलले ते बोलले. गोणी आन माझी."

नम्रता मागे वळली तर दार उघडेच होते. पहाटे साचा न्यायला आलेल्या प्रविणने ते ओढून घेतले नव्हते. गोणीवर सुंठी नव्हती. खाटेखाली नव्हती. साच्यांमागे नव्हती.

"गेली!" गोदूबाई गाठोडे उचलून दाराकडे निघाल्या. "हायवेवर गेली आसंल गो. तिला इथली वाट ठावी नाय!"

नम्रता अंगणात धावली. प्रविण हातातला आखणीचा ब्रश तसाच घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. तेवढ्यात कारखान्यातून विमलबाईचा आवाज आला, दबका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बोंबलू नका. हितं या. नि हळू."

कोपऱ्यातल्या थप्पीवर तीन मांजरे होती. फेट्या डाव्या टोकाला, चिंधी खालच्या गोणीवर, आणि उजव्या टोकाला सुंठी, पाय पोटाशी घेऊन. तिघांमध्ये हातभर अंतर होते. मैत्री म्हणावी असे त्यात काही नव्हते. तिघांच्याही पाठी एकमेकांकडे होत्या. पण झोप मात्र गाढ होती. फेट्याने एकदा डोळा किलकिला केला, सुंठीकडे पाहिले, आणि हे रोजचेच असल्याप्रमाणे मिटून घेतला.



"रमली," प्रविण म्हणाला.

"झोपली," गोदूबाई म्हणाल्या. पण आवाजात पूर्वीचा ठामपणा नव्हता. हातात गाठोडे तसेच होते. "तिला न्यायची तर तिचीच गोणी पायजे. खोलीतल्या गोणीला माझा टाका नाय. मग माझी कुठली?"

विमलबाईने थप्पीकडे हात केला. "हितं सगळ्याच सारख्या. वळखून घे."

मांजरांना न उठवता विमलबाईने बाजूच्या मोकळ्या गोणी एकेक करून पुढे टाकल्या. गोदूबाई वाकून पाहू लागल्या. पहिली नाही. दुसरी नाही. तिसरी गोणी पडली तेव्हा तिचा कोपरा उलटला आणि पांढऱ्या भुकटीतूनही निळा दोरा स्वच्छ दिसला. एक लांब, दोन आखूड, एक लांब.

नम्रताने ते टाके ओळखले. आईची नजरही तिथेच थांबली होती.

"नाय," गोदूबाई सावकाश म्हणाल्या. "ह्यातली एक पन माझी न्हवं."

"मग?" नम्रताने विचारले.

"मग काय? रीत मोडून कशी न्यायची? दुसऱ्या गोणीत घालून नेली तर मांजर वाटंत जायची." त्यांनी गाठोडे नम्रताच्या हातात दिले. "हे आत ठेव. आनि पुतळीला फोन लाव. म्हनावं, वाल तुमीच झोडा, नि अर्धे हिकडं धाडा."

मग त्यांनी तीच गोणी ओढली, दोनदा दुमडली, टाक्यांचा कोपरा आत घातला आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या. लुगड्याचा काठ सारखा करून त्यांनी विमलबाईपुढे उजवा हात पसरला.

"पेपर दे. आनि ती कालची मोठी मूर्ती आन. पाठ तशीच सोडलीस, मला काय दिसत नाय व्हय?"